हॅरिसबर्गचा हॅरिस टॉवर: शनिवार धरा, भाड्याची गाडी घेऊ नका

आधी महत्त्वाचं सांगतो, कारण बिल कालच आलंय आणि डोकं अजून तापलेलं आहे. न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातले जुने रेल्वे टॉवर (म्हणजे सिग्नलच्या केबिन) बघायला जाणार असाल तर भाड्याची गाडी घेऊ नका. हॅरिसबर्गला सरळ ट्रेन जाते, ट्रेंटनला चढता येतं, आणि जो टॉवर खरोखर बघण्यासारखा आहे तो हॅरिसबर्ग स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमची गाडी गॅरेजला होती म्हणून चार दिवसांसाठी एक भाड्याने घेतली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, टोलची काळजी करू नका, सगळं आपोआप होतं. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर २०२० पासून रोख पैसे घेतच नाहीत, ई-झेडपास (आपल्या फास्टॅगसारखी टोलची डबी) नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघतो, बिल गाडीच्या मालकाला जातं आणि दरही जास्त लागतो. इथपर्यंत ठीक. पण ‘आपोआप’ याचा अर्थ निघाला असा की टोल वेगळा आणि त्यांचं टोलचं यंत्र वापरल्याबद्दल रोजचं भाडं वेगळं, आणि ते भाडं चारही दिवसांचं, ज्या दिवशी गाडी हॉटेलच्या पार्किंगमधून हललीसुद्धा नाही त्या दिवसाचंही. दोन्हीची बेरीज केली तेव्हा यंत्राचं भाडं टोलपेक्षा जास्त भरलं. फोन केला, अर्धा तास धरून ठेवलं आणि शेवटी तुम्ही सही केलेल्या कागदात हे लिहिलंय म्हणाले. लिहिलं होतं, खरं आहे, बारीक अक्षरात. तर गाडी घ्यावीच लागली तर घरचा ई-झेडपास बरोबर न्या, भाड्याच्या गाडीचा नंबर तुमच्या खात्याला जोडा (परत केल्यावर काढायला विसरू नका), आणि गाडीच्या काचेवर त्यांची डबी असेल तर ती बंद करून घ्या आणि तसं काउंटरवर लिहून मागा. तोंडी घेऊ नका.

आता टॉवर म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे ज्याला केबिन म्हणतात तेच. स्टेशनच्या किंवा जंक्शनच्या टोकाला दुमजली इमारत, वर सगळीकडून काचा, आत लिव्हरची रांग, तिथून सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) आणि सिग्नल चालतात. माझे बाबा भुसावळ भागात केबिनमध्ये लिव्हरमन होते, त्यांची केबिन पाडली त्याला बरीच वर्षं झाली, सध्या ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत, आणि ही ट्रिप त्यांच्यासाठीच होती. अमेरिकेतलं पहिलं इंटरलॉकिंग (सांधे आणि सिग्नल चुकीचे लागूच न देणारी यंत्रणा) १८७० मध्ये ट्रेंटनजवळच बसवलं होतं, इंग्लंडहून आणलेलं यंत्र, म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर, हे कळल्यापासून बाबांना चैन नव्हतं.

माझी चूक अशी झाली की इंटरनेटवर सापडलेल्या एका यादीवर विश्वास ठेवला. दोन दिवसांत सहा टॉवर, असा कोणाचा तरी प्लॅन होता, नकाशासकट. यादी किती जुनी ते बघितलं नाही. पहिल्या ठिकाणी पोचलो तर नुसती खडी आणि गवत, टॉवरचा पायासुद्धा दिसत नव्हता. दुसरा उभा होता पण खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं आणि मध्ये चालू लाइन, म्हणजे जवळ जायचा प्रश्नच नाही, आणि कृपा करून जाऊ पण नका, तो रेल्वेचा खाजगी रस्ता आहे आणि मालगाड्या विचारून येत नाहीत. बाबा कुंपणाबाहेर उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, वरचा मजला ठीक दिसतोय, पण आतला फ्रेम (लिव्हरचा सांगाडा) नेला असेल तर मग ते नुसतं घर आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे यातूनच सगळं कळतं.

हे टॉवर एकेक करून बंद का पडले ते बघितलं तर त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. एका माणसाला एका जंक्शनवर बसवायचं, तेही तीन पाळ्यांत, आणि तेच काम १९२७ नंतर हळूहळू लांबच्या पॅनेलवरून करता येऊ लागलं, पुढे कॉम्प्युटरवरून. त्यात इथली मोठी रेल्वे कंपनी पेनसिल्व्हेनिया रेलरोड आणि तिची स्पर्धक न्यूयॉर्क सेंट्रल १९६८ मध्ये एकत्र झाल्या, नवी कंपनी दोन वर्षांत दिवाळखोरीत गेली, १९७६ ला तिच्या जागी सरकारने उभी केलेली कॉनरेल आली, मग खर्च कापताना टॉवरही गेले. पेनसिल्व्हेनियातल्याच अल्टूना गावचा आल्टो टॉवर तर २०१२ पर्यंत माणसाच्या हाताने चालत होता. बंद झालेला टॉवर रुळाला चिकटून उभा असतो, लोकांना आत सोडता येत नाही, रिकामा राहिला की काचा फुटतात, आग लागते, मग एक तर पाडायचा नाहीतर उचलून दुसरीकडे न्यायचा. उचलून नेणं प्रचंड खर्चाचं काम. पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गला पर्यटकांच्या वाफेच्या गाडीजवळ जो टॉवर दिसतो तो असाच हॅरिसबर्गजवळच्या लेमॉइनहून आणलेला आहे. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ रोझेनबर्गला टॉवर १७ आहे, तो २००४ मध्ये बंद झाल्यावर म्युझियममध्ये नेऊन ठेवलाय, तिकडच्या मंडळींनी तो बघावा, आम्ही अजून गेलो नाही.

हॅरिस टॉवरचं नशीब असं की तो शहरात आहे, रस्त्यावरून दारापर्यंत जाता येतं. १९३० च्या सुमाराची विटांची इमारत, वॉलनट आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. १९९१ मध्ये बंद झाला, त्यानंतर तिथल्या रेल्वे इतिहासप्रेमींच्या संस्थेने तो घेतला आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आतलं यंत्र जागेवर ठेवलं. बऱ्याच ठिकाणी नुसत्या भिंती वाचल्या, इथे काम वाचलंय.

आम्ही पहिल्या दिवशी, शुक्रवारी, तिथे पोचलो आणि दार बंद. यादीत लिहिलं होतं वीकेंडला रोज उघडा, आणि मी शुक्रवार दुपारही वीकेंडमध्ये धरली. साधारण उन्हाळ्याच्या महिन्यांत शनिवारी उघडतात, चालवणारे सगळे व्हॉलंटियर आहेत, त्यामुळे निघायच्या आधी त्यांची वेबसाइट बघा आणि शनिवारच धरा. शिवाय गाडी लावली ती समोरच्या एका खाजगी पार्किंगमध्ये, तासाचा दर मोठ्या अक्षरात आणि अर्ध्या दिवसाचा किमान आकार मशीनवर बटण दाबल्यावर. वीस मिनिटांत बाहेर आलो तरी पैसे अर्ध्या दिवसाचे. ट्रेनने जा हे मी परत सांगतो.

शनिवारी आत गेलो. वर जायला जिना आहे, गुडघे ठीक असतील तर काहीच नाही, बाबा ७१ चे आहेत आणि माझ्या आधी वर होते. वर पोचल्यावर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मला वाटलं आवडलं नाही. कारण बाबांच्या डोक्यात होते ते छातीएवढे उंच लिव्हर, ज्यांना पाय रोवून ओढावं लागतं, आणि इथे कमरेएवढ्या लांबलचक पेटीला हाताच्या मुठीएवढ्या दांड्यांची रांग, शंभरावर दांड्या. मॉडेल १४ म्हणतात याला, युनियन स्विच अँड सिग्नल या कंपनीचं. दांडी डावी-उजवीकडे फिरवायची, तेवढ्याने विजेचा इशारा जातो आणि बाहेर दाबलेल्या हवेने सांधा सरकतो. वर भिंतीवर सगळ्या लाइनींचा नकाशा, त्यात दिवे. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि मला विचारलं, फडकं कुठं ठेवतात हे? आपल्याकडे लिव्हर उघड्या हाताने धरत नाहीत, घामाने गंज चढतो, प्रत्येक केबिनमध्ये फडकं असायचंच. मी ते व्हॉलंटियरला इंग्रजीत सांगितलं आणि तिथून पुढे माझी गरज संपली.

बाहेरचे रूळ आता या यंत्राला जोडलेले नाहीत, पण त्यांनी कॉम्प्युटर लावलाय, जुन्या वेळापत्रकाप्रमाणे गाड्या ‘येतात’, आणि तुम्ही खरोखर दांड्या फिरवून त्यांना वाट करून द्यायची. लहान मुलांचा खेळ वाटेल, अजिबात नाही. मी एक गाडी घेतली आणि सांधा न लावता सिग्नल द्यायला गेलो. दांडी हललीच नाही. जोर लावला तर बाबांनी हात धरला आणि म्हणाले, ‘अडला की जोर लावायचा नाही रे, आधी बाहेर बघायचं, आपलं काय चुकलंय.’ पेटीच्या आत लोखंडी पट्ट्या एकमेकांत अशा अडकवल्यात की समोरासमोर येणारे दोन मार्ग एकाच वेळी लागूच शकत नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं. हाताला लागल्यावर कळतं की माणूस दमलेला असेल, रात्री तीनची पाळी असेल, तरी ते लोखंड ऐकत नाही, आणि त्या ऐकत नसण्यावर हजारो माणसं झोपेत सुखरूप गेली.

मग बाबांनी त्या व्हॉलंटियरला प्रायव्हेट नंबर समजावला. आपल्याकडे केबिन आणि स्टेशन मास्तर फोनवर बोलताना छापील कागदावरचा दोन आकडी नंबर एकमेकांना देतात, दिलेला नंबर खोडायचा आणि रजिस्टरात लिहायचा, म्हणजे बोलणं झाल्याचा पुरावा. तो माणूस खुर्ची ओढून बसला आणि वहीत लिहून घ्यायला लागला. एक वाजता बाकीचे लोक गेले तरी हे दोघे तिथेच. बाबांचं इंग्रजी यथातथा आहे, त्याचं मराठी शून्य, आणि एका तासात दोघांनी मिळून चौदा गाड्या काढल्या. माझ्या वाटणीची एक.

आत जायला ठरलेलं तिकीट नव्हतं, देणगीची पेटी होती. नीट भरा. इमारतीला दुरुस्ती सतत लागते आणि पैसा असाच येतो.

बाकीचं पटकन. हॅरिसबर्ग स्टेशनात जीजी१ जातीचं ४८५९ नंबरचं विजेचं इंजिन ठेवलंय, १९३८ मध्ये शहरात पहिली विजेवरची गाडी त्यानेच आणली, ट्रेनने गेलात तर आपोआप दिसेल. रॉकव्हिलचा रेल्वेचा दगडी पूल बघितला, १९०२ चा, ३८२० फूट, ४८ कमानी, सुंदर आहे. रविवारी अल्टूनाला हॉर्सशू कर्व्हला (घोड्याच्या नालेसारखं रेल्वेचं मोठं वळण) गेलो, १८५४ पासून तिथे गाड्या वळतायत, वर जायची तारेने ओढली जाणारी छोटी गाडी आम्ही गेलो तेव्हा बंद होती म्हणून १९४ पायऱ्या चढलो, दिवस छान गेला. सोमवारी पाऊस होता आणि हॉटेलमध्ये झोपलो, ज्या दिवसाचं यंत्राचं भाडं लागलं तो हाच.

माझं मत स्पष्ट आहे. एकच दिवस असेल तर फक्त हॅरिस, बाकी काही नाही. सहा टॉवरच्या याद्या विसरा, बाहेरून भिंती बघण्यात दिवस घालवू नका. सकाळी उघडताना पोचा, कारण दुपारी घरच्या मुलांना घेऊन लोक येतात आणि दांड्यांसाठी थांबावं लागतं. परतीचं तिकीट लवकरच्या गाडीचं काढू नका, आम्ही दोन तास धरले होते आणि चार पुरले नाहीत. आणि घरात कोणी केबिनमध्ये काम केलेलं असेल, आजोबा, काका, शेजारचे कोणी, तर त्यांना घेऊन जा, आपल्याला जे कळत नाही ते त्यांच्या हाताला माहीत असतं.

बाबा परत जायचं म्हणतायत. पुढच्या शनिवारची ट्रेंटनहून तिकिटं काढलीत, दोनच. त्यांनी बॅगेत स्वच्छ धुतलेलं फडकं आत्ताच भरून ठेवलंय.