एकदाच वापरायची मूल्ये आणि माझी चुकलेली काटकसर

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला माझा एक प्रोग्राम उलटसुलट क्रमाने आलेल्या नोंदी वाचून त्या वेळेच्या क्रमाने लिहीत असे. ओळ वाचायची, तिचे तुकडे करायचे, तपासायचे आणि नोंद अग्रक्रम-रांगेत (जिच्यातून सर्वांत आधीची नोंद प्रथम बाहेर येते) टाकायची, इतकेच काम होते. पण रांगेत लाखो नोंदी साठल्या की निम्म्याहून अधिक वेळ गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेल्या मूल्यांची जागा परत मिळवणारी यंत्रणा, खात असे. ओळीचे तुकडे नाहीतरी एकदाच वापरले जातात, तेव्हा रेषीय टाइप (मूल्य नेमके एकदाच वापरले जाते का, हे कंपाइलरकडून तपासून घेणारे टाइप) लावून ते हीपबाहेर, म्हणजे कलेक्टर सांभाळतो त्या स्मृतीबाहेर, ठेवावेत आणि वापर होताच जागा मोकळी करावी, असे मी ठरवले.

जीएचसी या हॅस्केलच्या कंपाइलरमध्ये ही सोय 9.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून आहे. टाइप रेषीय केला की जागा आपोआप सुटेल, हा माझा पहिला गैरसमज होता. तेथे रेषीयता फंक्शनच्या टाइपमधील, आर्ग्युमेंट आणि निकाल यांना जोडणाऱ्या बाणावर असते आणि निकाल नेमका एकदा वापरला गेला तर आर्ग्युमेंटही नेमके एकदाच वापरले जाईल, एवढीच ती हमी देते. मूल्य मात्र नेहमीच्याच हीपवर राहते. म्हणून लिनिअर-बेस लायब्ररीतील पूल घेतला, ज्यात मूल्ये मॅलॉकने, म्हणजे हीपबाहेर थेट मागून, मिळवलेल्या जागेत जातात. त्यानंतरचे दोन दिवस ‘मेनी’ (कितीही वेळा वापर) आणि ‘वन’ (एकदाच वापर) जुळत नसल्याच्या एकाच त्रुटीत गेले. मी 9.2 वापरत होतो. त्या आवृत्तीत ‘लेट’ने नाव दिलेले मूल्य रेषीय राहत नाही, त्यामुळे प्रत्येक ‘लेट’च्या जागी ‘केस’ लिहावे लागले.

एवढे करून प्रोग्राम आधीपेक्षा मंद झाला.

कारण नर्सरीत, म्हणजे हीपच्या नव्या मूल्यांसाठीच्या भागात, होते. नवे मूल्य तेथे केवळ पॉइंटर पुढे सरकवून तयार होते, आणि 9.2 मध्ये मुळात 4 एमबी असलेली ही जागा भरल्यावर कलेक्टर फक्त जिवंत मूल्ये उचलून नेतो. मेलेल्यांकडे तो पाहतही नाही. माझे तुकडे नर्सरी भरण्याआधीच मरत होते, म्हणजे फुकटात सुटत होते. मी मात्र प्रत्येकासाठी मॅलॉक, पूलच्या दुहेरी साखळीत नोंद, वाचताना पुन्हा हीपवर नक्कल आणि शेवटी फ्री (जागा परत करणे), असा खर्च मांडून बसलो होतो. खरे ओझे रांगेचे होते, कारण दीर्घकाळ जगणाऱ्या त्याच नोंदी कलेक्टरच्या प्रत्येक मोठ्या, सगळी हीप तपासणाऱ्या फेरीत पुन्हा पुन्हा नकलल्या जात होत्या.

मग मी अदलाबदल केली: तुकडे हीपवर परत आणले आणि रांग पूलमध्ये नेली. रनटाइमच्या अहवालातील ‘कॉपी केलेले बाइट्स’ हा आकडा लगेच कोसळला आणि कलेक्टरचा वेळ किरकोळ उरला. (जीएचसी 8.10 पासून असलेला, मूल्ये न हलवणारा कलेक्टर आधी लावून पाहायचा होता, असे एका सहकाऱ्याने नंतर सुनावले. ते रास्तच होते.)

तुकड्यांच्या फंक्शनांवरचे रेषीय बाण मात्र मी काढले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ओळीच्या शेवटची चेकसम (ओळ बिघडली नाही ना, हे पाहण्याचा आकडा) तपासायला मी विसरलो, तेव्हा तो तुकडा एकदाही न वापरला गेल्याने प्रोग्राम कंपाइलच झाला नाही.