मिस्टर काय करतात?

एसटीत शेजारी बसलेली बाई, शाळेत नव्याने बदलून आलेल्या मॅडम, लग्नाच्या पंगतीत ओळख झालेली कुणीतरी, सगळ्यांचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न हाच असतो: "मिस्टर काय करतात?" मी शिक्षिका, दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. "काही नाही, घरीच असतात." समोरची "अच्छा" म्हणायची आणि विषय बदलायची.

माझी गाडी सात दहाची. पावणेसहाला उठते तेव्हा बंब पेटलेला असतो, पाणी कढत. बंबात सोडणं, म्हणजे नारळाची सालं. ती उन्हाळ्यात वाळवून मांगरात रचून ठेवली नाहीत तर श्रावणात अंघोळीला नुसता धूर. हे मला लग्नानंतर किती वर्षांनी कळलं ते सांगत नाही.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे मिरगाआधी शाकारणी चुकवून चालत नाही. मे महिन्यात हे छपरावर चढतात. एक पट्टा उतरवून वाशावर पाय रोवायचा, शेजारची कौलं काढून शेवाळ खरवडायचं, वाळवी लागलेली रीप बदलायची, कौल परत रिपेला अडकवायचं. वांदरं दरवर्षी चाळीस-पन्नास फोडतातच. जुन्या कौलांना जोड मिळत नाही, म्हणून पडक्या घरांची कौलं विकत आणून परसात रचून ठेवलीत. मी त्याला भंगार म्हणायचे.

एवढं करूनही पहिल्या मोठ्या पावसात कुठेतरी गळतंच. परवाच्या जूनमध्ये रात्री दोनला बॅटरीच्या उजेडाने जाग आली. हे माजघरात मान वर करून उभे. मी पातेलं आणायला उठले तर म्हणाले, "थांब." पाणी वाशावरून वाहत येतं, गळतं एकीकडे आणि फट असते भलतीकडेच. दोन हात अंतरावरचं एक कौल त्यांनी काठीच्या टोकाने आतून हलकेच उचललं, जरासं डावीकडे सरकवलं. थेंब थांबला. वाशावर कोळशाने खूण केली आणि जाऊन झोपले. मी मात्र बराच वेळ त्या खुणेकडे बघत होते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आगरातल्या, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेतल्या, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. मी ओटीवर बसून रडले. हे कोयती घेऊन विहिरीची वाट मोकळी करायला गेले, कारण वीज नव्हती आणि पंपही नव्हता, पाणी पोहऱ्यानेच काढायचं होतं. पुढच्या पावसाळ्यात श्रीवर्धनी सुपारीची रोपं लावली. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावून जगणाऱ्या माझ्यासारखीला हा हिशोब पचायला वेळ लागला.

फार गुण गातेय असं नको वाटायला. कोयती ओटीवर तशीच टाकतात, चिखलाचे पाय थेट स्वयंपाकघरात, आणि "गडी बोलवा" म्हटलं की ऐकूच येत नाही.

आणखी एक. याच्या दुप्पट काम, वर सारवण आणि लावणी, सासूबाईंनी चाळीस वर्षं केलं. त्यांना "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. घरातल्या पुरुषाने केलं तेव्हा कुठे ते मला काम दिसलं, याची लाज वाटते.

मागच्या आठवड्यात गाडीत एका बाईंनी विचारलं. म्हटलं, "आगर बघतात, आणि सध्या कौलं चाळतायत."

त्या एकदम सरसावून बसल्या. "आमच्याकडे येतील का हो? देवघरावर दोन ठिकाणी गळतंय."