टॅप करायच्या आधीच

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. मान दुखतेय असं घरी सांगितलंय, तेही खरंच आहे, पण झोप उडालीये ती त्यामुळे नाही.

आज जिउ-जित्सूच्या सरावात जोडीदार मुलाने माझी पाठ घेतली होती, म्हणजे मागून चिकटला होता, सीटबेल्ट पक्का (एक हात माझ्या खांद्यावरून, दुसरा काखेखालून), दोन्ही हुक्स, म्हणजे त्याचे पाय, माझ्या मांड्यांच्या आत. मी नेहमीसारखी हनुवटी छातीला टेकवली, तिचा तसा फार उपयोग नसतो, जबड्यावरच दाब दिला की आपणच मान वर करतो. त्याचा गळ्याकडचा हात दोन्ही हातांनी खाली ओढत होते तेवढ्यात दुसरा हात डोक्यामागे गेला आणि रिअर नेकेड, म्हणजे मागून हाताने गळा आवळायचा चोक, बसला. कोपर बरोबर हनुवटीखाली, एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचं हाड. यात श्वास चालूच असतो हे मला अजून विचित्र वाटतं, दाब पडतो तो मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर, आणि नीट बसला तर दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध. कानात गूं सुरू झालं, मी टॅप करायला, म्हणजे हरले म्हणून थोपटायला, हात उचलला आणि त्याने सोडलं. उचलला होता, टेकवला नव्हता. "चल ताई, परत."

ताई. बरं.

का सोडलं? चेहरा लाल झाला असेल. की वाटलं असेल की ही वेळेवर टॅप करायची नाही? की गेल्या वर्षीच्या त्या प्रकारापासून सगळेच माझ्याशी जरा जपून... जाऊ दे, ते नको आत्ता. पण हरायचं तरी माझं मला हरू द्यायचं होतं ना. टॅप ही एकच गोष्ट तिथे पूर्णपणे माझ्या हातात असते आणि तीही त्याने स्वतःच उरकून टाकली.

१९९३ च्या पहिल्या यूएफसीच्या, म्हणजे सगळ्या प्रकारच्या लढवय्यांच्या त्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये रॉयस ग्रेसीने जेरार्ड गोर्दोला याच चोकमध्ये धरलं आणि गोर्दोने टॅप केल्यावरही लगेच सोडलं नाही, तो आधी ग्रेसीच्या कानाला चावला होता म्हणे. ते वाईटच, कोणीही म्हणेल. पण रात्री या वेळेला मला वाटतंय की गोर्दोला निदान कळलं तरी असेल की समोरचा आपल्याला कच्चा लिंबू समजत नाहीये.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. पुढच्या राउंडला त्याने परत पाठ घेतली आणि मी सुटले. अगदी सर सांगतात तसं, आधी गळा मग पाय, डोक्यामागचा हात पहिला सोडवला, मग गळ्यावरचा हात दोन्ही हातांनी धरून खांद्यावरून पलीकडे, माझ्या काखेखालच्या त्याच्या हाताच्या बाजूला घसरत पाठ मॅटला टेकवली, खालचा हुक काढला, कंबर पलीकडे टाकली आणि वळून त्याच्या समोर. कितीतरी महिने हे जमत नव्हतं. आणि जमल्यावर पहिला विचार काय, तर हेही यानेच सोडलं असणार. म्हणजे एकदा कोणी दया दाखवली की आपलं कमावलेलंही उसनं वाटायला लागतं, काय कटकट आहे.

निघताना विचारलंच शेवटी. तो म्हणाला, "अगं ताई, हाताला गोळा आला होता, ग्रिपच सुटली." आणि हात झटकून दाखवला. डावा. चोक उजव्या हाताचा होता. आता डावा हात डोक्यामागे होता, त्यालाही गोळा येऊ शकतो म्हणा, मी घरी येताना पूर्ण रस्ताभर यावर विचार केलाय, या वयात.

येऊ शकतो. आला असेल. खोटं बोलत असेल तर निदान त्याने जरा डोकं लावलं माझ्यासाठी, हेही काही कमी नाही.

परवा परत त्याच्याशीच रोल, म्हणजे सरावाची झुंज, मागणार आहे. आणि लॉक बसतोय असं वाटलं की लगेच, त्याला सोडायची संधीच न देता, असा जोरात टॅप करणार की बाजूच्या जोडीनेही थांबावं.