लॉक झालेला ईसीयू आणि घासलेला होज

"मालक, तुमच्या मॅपनं माझा टर्बो खाल्ला म्हणतेत कंपनीवाले."

मे महिन्यातली दुपार होती. अक्कलकोट रोडवरच्या माझ्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये पानासुद्धा फडक्यानं धरावा लागत होता. समोर मोहोळचे काका, हातात एस्टिमेटचा कागद. नवा टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा), मजुरी धरून १ लाख १२ हजार. वॉरंटी बाद. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ते मला जास्त लागलं. त्यांच्या डिझेल एसयूव्हीचं रिमॅप, म्हणजे ईसीयू या इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या आकड्यांत (मॅपमध्ये) बदल, दोन वर्षांपूर्वी मीच केलं होतं. वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, हे तेव्हाच सांगून सहीही घेतली होती. पण सही घेतली म्हणून जबाबदारी सुटत नाही.

दुखणं असं होतं: गावात गाडी ठीक. सहा माणसं घेऊन तुळजापूरचा घाट चढायला लागली की चेक इंजिन लाइट लागायचा आणि गाडी लिंप मोडमध्ये जायची. मग ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ओढंना. बंद करून चालू केली की थोडा वेळ पुन्हा ठीक.

सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला होता. हल्लीच्या ईसीयूत सीव्हीएन म्हणून एक आकडा असतो, आतल्या कॅलिब्रेशनवरूनच तो निघतो. मॅपमध्ये जरा कुठं बदल केला की तो कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही. इथंही जुळला नाही आणि तपास तिथंच संपला. त्यांनी कंपनीचं नवीन सॉफ्टवेअर टाकलं, म्हणजे माझा मॅप पुसला गेला. तरी परत जाताना घाटात गाडी तशीच मेली. मॅप गेला, दुखणं राहिलं, आणि दोष मात्र मॅपचाच! हे मला फार टोचलं.

मी लॅपटॉप जोडला. ज्या १६ पिनांच्या सॉकेटमधून ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी वाचली होती, तिथून आता साफ नकार. अपडेटनं ती वाट बुजवली होती. ईडीसी १६ या जुन्या ईसीयूच्या काळात फाइल वाचायची, बदलायची, चेकसम दुरुस्त करून परत लिहायची, एवढंच काम असायचं. चेकसम म्हणजे फाइल धड आहे का ते ताडायची शेवटी बेरीजच. रीत कळली की कुणालाही जमते. पुढं डिजिटल सही आली. कंपनी आपल्या गुप्त किल्लीनं फाइलवर सही करते. ईसीयूकडं असते ती फक्त सही ताडून बघायची किल्ली. तिनं सही ओळखता येते, करता येत नाही. न जुळणारी फाइल बूटलोडर, म्हणजे फाइल आत घेणारा ईसीयूतला प्रोग्रॅम, घेतच नाही.

उरला एकच मार्ग. ईसीयू काढून टेबलावर घ्यायचा, चिकटवलेलं झाकण उचकटायचं आणि बूट मोडमध्ये, म्हणजे जणू मागल्या दारानं, आत शिरायचं. हात सरकला तर ईसीयू मेला. नवा आणला तरी तो इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळवायला पुन्हा कंपनीचंच ऑनलाइन लॉगिन लागतं. तरीही माझा हात शिवशिवत होता. कुलूप दिसलं की ते उघडायची जिद्द चढते आणि गाडी बाजूला राहते. काकांकडं बघितलं आणि लक्षात आलं, सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही हेच केलं होतं: सॉफ्टवेअर बघितलं, गाडी बघितलीच नाही. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालताना दिसणारे आकडे, वाचायला कुलूप उघडावं लागत नाही. धुराच्या नियमांमुळं एवढी खिडकी कंपन्यांना उघडी ठेवावीच लागते. काकांना गाडी चालवायला बसवलं, मागं वाळूची पोती टाकली आणि तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. सपाटीला ईसीयूनं मागितलेला बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट हातात हात घालून चालले होते. घाट लागला. ईसीयू मागतोय २३०० मिलिबार, मिळतायत १६५०. लगेच पी ०२९९ हा कोड, म्हणजे बूस्ट कमी. टर्बो फिरत होता, हवा वाटेत कुठंतरी जात होती.

परत येऊन इनटेकचं (हवा आत घेणाऱ्या नळीचं) तोंड बंद केलं, रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू आत सोडली आणि साबणाचं पाणी मारत गेलो. अर्ध्या बारला काही नाही. एका बारच्या आसपास दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणाऱ्या होजच्या (रबरी नळीच्या) खालच्या अंगाला फेस फुटला. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. क्लिपच्या जवळ तेलकट धूळ तेवढी चिकटली होती. दाब वाढला की चीर उघडायची, उतरला की मिटायची. म्हणून गावात गाडी शहाणी.

होज हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. बूस्ट मी वाढवला होता, साधारण १२० मिलिबार. त्यानं तर फाटला नसेल? दाबानं फाटलेला होज आतून फुगतो, त्याचे थर सुटतात. हा आतून धड होता. बाहेरचं रबर आणि कापड एका सरळ रेषेत घासून गेलं होतं. त्याच जागी एक पत्र्याची ब्रॅकेट वाकून टेकलेली होती. काका म्हणाले, "म्हशीला वाचवताना बंपर ठोकला होता की मागच्या दिवाळीत!" तेव्हा मला जरा श्वास आला.

नवा होज, ब्रॅकेट सरळ, मजुरीसकट ३४०० रुपये. संध्याकाळी घाटात मागणी २३००, मिळाले २२८०.

काकांनी मॅप परत टाकायला सांगितलं, वर डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाका म्हणाले. डीपीएफला मी हात लावत नाही. तो काढला की गाडीचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. मॅपसाठी ईसीयू फोडायलाही नकार दिला. कुलूप उघडायचा हक्क ही मात्र वेगळी गोष्ट. अमेरिकेत २०१५ साली दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलांसाठी गाडीचं सॉफ्टवेअर उघडायला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. आपल्याकडं २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल आलं, वाहनंही त्यात आहेत. पण गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच तिच्या आतलं बघायची मुभा नसावी, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं होज घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. मॅनेजर कागदच बघत राहिले. वॉरंटीची नोंद बदलता येत नाही म्हणाले. तिथल्या एका तरुण मेकॅनिकनं मात्र होज उलटा करून त्या घासल्या रेषेवरून नख फिरवलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "किती दाबाला फेस आला?"

काकांनी होज वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला. ग्राहक आयोगात दाखवायला लागेल म्हणाले.