आमची वाटचाल: प्रिंटरच्या पोर्टापासून लॅनपर्यंत

इचलकरंजीत आम्ही दुकान टाकलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं. नेटवर्किंगकडे ओढलं ते सूतव्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी. शेठच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर, हिशेबनिसाकडे दुसरा, आणि दोघांच्या मध्ये फ्लॉपी घेऊन पळणारा पोऱ्या. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, म्हणजे लॅनच्या, कार्डाचा खर्च सांगितला की उत्तर ठरलेलं: "त्यापेक्षा पोऱ्या परवडतो."

1993 मध्ये एमएस-डॉस 6 या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर इंटरलिंक आलं, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टातून केबलने दोन कॉम्प्युटर जोडू देणारा प्रोग्रॅम, आणि आम्हाला स्वस्तातला तोडगा मिळाला. केबल आम्ही दुकानातच बनवायचो. दोन्ही टोकांना पंचवीस पिनांचा मेल (पिना बाहेर असलेला) कनेक्टर, इकडची 2 नंबरची पिन तिकडे 15 ला, 3 ची 13 ला, 4 ची 12 ला, अशी उलटसुलट सोल्डरिंग. प्रिंटरचं पोर्ट मुळात माल बाहेर पाठवायला केलेलं. जायला आठ तारा, पण यायला पाचच, त्याही 'कागद संपला', 'बिझी आहे' असली खबर देणाऱ्या. त्यांतल्या चारांवरून डेटा घ्यायचा आणि पाचवी पोचपावतीला. म्हणजे प्रत्येक बाइट दोन हप्त्यांत! सेकंदाला 40-50 केबी मिळाले तरी आम्ही खूश असायचो. फ्लॉपीपुढे ते चैनच होतं.

पण गिऱ्हाइकाची खुशी फार टिकायची नाही. एका मशीनवर इंटरलिंकचा जोडीदार प्रोग्रॅम इंटरसर्व्हर चालू केला की ते मशीन त्यातच अडकलं, हिशेबनीस हात बांधून बसला. पोर्ट एकच, त्यामुळे बिलं छापायची तर केबल काढून प्रिंटर लावा. त्यावर गुंडी फिरवायचा स्विच बॉक्स बसवून दिला, तर गुंडी कुठल्या बाजूला आहे हे विचारायला फोन. लांबी काही मीटरच, आणि शेठची केबिन नेमकी वरच्या मजल्यावर. दोनाच्या वर तिसरं मशीन जोडायचा तर प्रश्नच नव्हता. माझं मत विचाराल तर फाइली इकडून तिकडे टाकायला ही केबल उत्तम होती, एकाच खात्यावर दोघांनी बसायला नव्हती.

पेढीत तिसरा कॉम्प्युटर आला की शेठ आपणहून लॅनवर यायचे. एनई2000 या लॅन कार्डाच्या धर्तीची कार्डं, कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल) केबल, 10 एमबीपीएस, एका लाइनीला 185 मीटरपर्यंत. झाडताना कुणी केबलच्या टोकाचं बूच, म्हणजे टर्मिनेटर, उपटलं की अख्खी पेढी बंद आणि आम्हाला फोन! त्या फोनांमुळेच गिऱ्हाइकं वार्षिक देखभालीच्या करारावर सह्या करू लागली, आणि दुकानाला महिन्याचं बांधलेलं उत्पन्न पहिल्यांदा मिळालं ते तिथून.