माझी फरशी, काकूंचं छत

फ्लॅटचं काम काढायचं ठरलं त्याच दिवशी मी एक वही सुरू केली. पहिल्या पानावर टाइल्सचे रंग, दुसऱ्यावर किचनच्या ओट्याचं चित्र. ही दोन्ही पानं शेवटपर्यंत कोऱ्या कागदाइतकीच कामाची निघाली. खरं उपयोगी पडलं असतं ते लिफ्टच्या दाराचं माप, आणि ते मी घेतलंच नव्हतं.

प्लायवूडचा अख्खा तुकडा आठ फूट बाय चार फूट. टेम्पोतून उतरवून लिफ्टपाशी आणला, तर उभा, आडवा, तिरका, कसाही आत जाईना. सुताराने एकदा लिफ्टकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "ताई, आधी सांगितलं असतंत तर दुकानातूनच कापून आणले असते." मग बावीस तुकडे जिन्याने पाचव्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीचा रंग हातभर खरवडला गेला आणि सोसायटीने तो आमच्या डिपॉझिटमधून वळता केला. त्यांचं काही चुकलं नाही.

परवानगीचा अर्ज म्हणजे एक सही, असं मी धरून चालले होते. कमिटीला हवं होतं ते वेगळंच: कोणती भिंत पाडणार त्याचा नकाशा, रोज किती माणसं येणार, राडारोडा कुठे ठेवणार, कधी उचलणार, ठोकाठोक किती ते किती. तेव्हा वैताग आला. पण तो नकाशा काढायला लागला म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी आले, आणि त्यांनी माझा एक बेत छाटला, दुसरा मोडीत काढला, हे बरंच झालं.

पहिला बेत किचन आणि हॉलमधली भिंत काढायचा. ती विटांची, नुसती आडोशाची होती, त्यामुळे अर्धी पाडायला हरकत नव्हती. मात्र तिच्या टोकाचा कॉलम आणि वरचा बीम यांना छिन्नीही लावायची नाही, वायरसाठी झिरीसुद्धा मारायची नाही, असं त्यांनी बजावलं. दुसरा बेत कमोड समोरच्या भिंतीला न्यायचा. त्यांनी विचारलं, शाफ्टपासून, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीपासून, किती लांब? मी म्हटलं, तीन मीटर. मैल्याच्या पाइपला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर तरी उतार लागतो, त्यात चार इंचाच्या पाइपची जाडी. एवढं सगळं मावायचं तर बाथरूमची फरशी पायरीभर उचलावी लागली असती. शिवाय तो पाइप खालच्या काकूंच्या बेडरूमवरून गेला असता. कमोड होता तिथेच राहिला.

काम सुरू व्हायच्या आधी इंजिनिअरनी आणखी एक करायला लावलं: खालच्या घराच्या छताचे फोटो. मला जरा संकोच वाटला. काकूंना काय सांगायचं, तुमचं छत आम्ही खराब करणार आहोत म्हणून? पण काकूंनीच स्टूल आणून दिलं. त्यांच्या बाथरूमच्या कोपऱ्यात जुना पिवळा डाग होता. तो फोटोत आला, तारखेसकट. फोटो दोघींच्या फोनमध्ये.

तोडफोड चार दिवसांत उरकली. शाफ्टमधला आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह जुना होता, पूर्ण बंदच होईना, म्हणून वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं पाणी तीन तास बंद ठेवून तो बदलला. नोटीस आदल्या दिवशी लावली होती, तरी दोन फोन आलेच. भिंती बंद करायच्या आधी प्लंबरने पाइपांत हातपंपाने दाब भरला आणि काटा रात्रभर हलला नाही, तेव्हाच गवंड्याला प्लास्टरला हात लावू दिला. प्रत्येक भिंतीला टेप धरून मी फोटो काढले: वायर कुठून गेली, पाइप कुठून वळला. दोन महिन्यांनी टॉवेलची दांडी बसवताना ड्रिल नेमकं गरम पाण्याच्या पाइपवर जाणार होतं. फोटो बघून चार बोटं सरकवलं.

आता बाथरूम. वॉटरप्रूफिंगचे कोट वाळले. नहाणीचं तोंड बंद केलं, उंबऱ्याला सिमेंटचा छोटा बांध घातला आणि कुठे गळतंय का ते बघायला दोन इंच पाणी भरलं. कोपऱ्यात पाण्याच्या रेषेवर मी पेन्सिलीची खूण केली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, चोवीस तास पुरे. मी अठ्ठेचाळीस म्हटलं, तो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं.

"थोडं पाणी हवेत उडतंच, ताई."

मी खाली गेले. काकूंनी फॉल्स सीलिंगची एक पाटी सरकवली, मी टॉर्च मारला. डाग होता तसाच होता. पण पाइप स्लॅबमधून खाली येतो तिथे एक थेंब हळूहळू फुगत होता. मी मनात आकडे मोजत राहिले. तिसाला तो सुटला आणि काकूंच्या बादलीत पडला. कॉन्ट्रॅक्टरला खाली बोलावलं. त्याने दोन थेंब पडताना बघितले आणि हवेचा विषय पुन्हा काढला नाही.

पाइपभोवतीचं सगळं उकरलं, साफ केलं, न आकसणारं ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचं मिश्रण, भरलं, कडेने जाळी लावून पुन्हा कोट दिले. वाळायला वेळ गेला, मग पुन्हा पाणी. या खेपेला दोन दिवसांनी रेषा सूतभरच उतरली होती, म्हणजे इंचाचा जेमतेम आठवा भाग. खाली छत कोरडं. या सगळ्यात आठ दिवस गेले आणि टाइलवाला गवंडी तोवर दुसऱ्या कामाला निघून गेला. त्याची वाट बघण्यात आणखी पाच. वेळापत्रक आखताना मी प्रत्येक कामाचे दिवस धरले होते. दोन कामांच्या मधले, वाळण्याचे आणि वाट बघण्याचे, धरलेच नव्हते. सहा आठवड्यांचं काम दहाव्या आठवड्यात गेलं.

टाइल्स एकाच बॅचच्या दहा टक्के जास्त घेतल्या होत्या, त्यातल्या सात उरल्या. माळ्यावर आहेत. रंग, दिवे, नळ हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता महिनाभर हातात ठेवला होता, म्हणून शटरच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या बदलायला तो एका फोनवर आला.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात आले. त्यांना बाथरूम नवं करायचंय, पुढच्या महिन्यात सुरू करतील, आवाजाचा त्रास होईल, सांभाळून घ्या म्हणाले. मी त्यांना आत बोलावलं, स्टूल आणलं आणि फोनचा कॅमेरा उघडला.