बगरामचं भंगार

चालू जनरेटर आणि मोडीतला जनरेटर यांच्या किमतीत किती फरक पडतो, ते मला विचारा. चालू असेल तर हॉटेलवाले, कोळंबीच्या तळ्यांवाले घासाघीस न करता उचलतात. मोडला की उरतं बीड, थोडं ॲल्युमिनियम आणि वाइंडिंगचं तांबं. तांब्याचे चार पैसे सुटतात, बाकीचं काट्यावर. चिपळूणबाहेर आमचं भंगाराचं गोडाऊन आहे, वडिलांपासूनचं.

त्यामुळे २०२१ मध्ये अमेरिकन फौजा अफगाणिस्तानातून निघाल्या, तेव्हा माझी नजर काबूलच्या उत्तरेला असलेल्या त्यांच्या बगराम हवाई तळाबाहेरच्या भंगारवाल्यांवर होती. त्यांच्या आवारात पडलेला माल फोटोत बघून जीव हळहळला. जनरेटरचे तुकडे, रणगाड्यांच्या पट्ट्यांचे तुकडे, तंबू तर कापून चिंध्या केलेले. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून, असं लष्कराचं म्हणणं. अंधारात बघायच्या दुर्बिणी फोडा, वायरलेस फोडा, पटतं. तंबू कापून कुठली लढाई जिंकणार होते? जुलैच्या सुरुवातीपर्यंत १७ हजारांवर नग असे विल्हेवाटीला गेले होते.

आणि मग २ जुलैला, रात्री वीज बंद करून, नव्या अफगाण कमांडरला न सांगता तळ सोडला. त्यांना कळलं दोन तासांनी. तोवर लोक आत शिरले होते. मागे राहिलेल्या वस्तू त्या कमांडरच्या हिशेबाने ३५ लाख : पाण्याच्या बाटल्या, एनर्जी ड्रिंक, जेवणाची पाकिटं, हजारो गाड्या, त्यातल्या कितीतरी बिनकिल्लीच्या. माझ्या दारात बिनकिल्लीची गाडी आली तर मी आधी आरसी बुक मागेन. तिथे मागणार कोणाकडे?

त्याच महिन्यात, २२ तारखेला, वाशिष्ठी नदी आमच्या बाजारपेठेत शिरली. पुढचे कित्येक आठवडे फ्रीज, वॉशिंग मशीन, पिठाच्या चक्क्या गोडाऊनला येत राहिल्या. मशीनच्या पोटात चिखल इतका, की वजन चिखलाचं की पत्र्याचं यावरून काट्यापाशी वाद. शेवटी पाइप लावून आधी धुवायचं ठरलं. आदल्या दिवसापर्यंत चाललेली वस्तू किलोवर देताना माणूस काट्याकडे बघत नाही, हे तेव्हा पाहिलं. बगरामचा माल मात्र पुराने नाही, मुद्दाम मोडला होता.

आमच्याकडे पत्रा विकायला आलेले खेडकडचे एक भाई बगरामला मेसमध्ये कामाला होते, दुबईच्या ठेकेदारामार्फत. काबूलमधल्या बुश बाजाराचं नाव काढल्यावर हसले. जॉर्ज बुशच्या नावाचा बाजार, तळावरचा माल तिथे उघड मिळायचा : बूट, प्रोटीनचे डबे, ती तपकिरी जेवणाची पाकिटं. पाकिटावर छापलेलं असतं, सरकारी मालमत्ता, विक्री बेकायदा. विक्री व्हायचीच.

"भाई, तिकडे तांब्याला काय भाव होता?" मी विचारलं.

"अरे, मी भात शिजवत होतो. पण तो कापलेला तंबू तू घेतला असतास का?"

घेतला असता. पावसाळ्यात होड्या झाकायला ताडपत्रीचा तुकडाही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात विकला जातो. तुकडा फक्त बरा मोठा हवा.